एकच सीट

गेल्या गुरुवारची गोष्ट. डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी होते. पाऊस नुकताच पडून गेलेला. मिटलेल्या छत्रीचं पाणी सँडलवर ठिबकत होतं, मागचा माणूस मोबाइलवर कुणाला तरी "पोचलोच, पोचलोच" सांगत होता. माझा नंबर आला. रिक्षात मागे दोघं आधीच बसले होते. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली, माझ्याकडे बघून तोंडभरून हसला आणि म्हणाला, "एकच जागा हाय आत. या म्याडम."

मी बसले नाही.

का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. मागच्या माणसाला हातानं खूण केली, "तुम्ही जा." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्याच्या पुढ्यातलं ताट परत पाठवलंय. मग तो टुणकन चढला आणि रिक्षा गेली. पाचेक मिनिटांनी मी दुसऱ्या रिक्षात बसले. रस्ताभर माझी नजर उगाचच पुढे होती, पुलाच्या कठड्याशी गर्दी दिसतेय का, काचा पडल्यात का. काही नव्हतं. नाक्यावर उतरले तर तोच माणूस भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी झटकत उभा. धडधाकट. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलंच, पण त्याच्या तळाशी बारीकसा हिरमोडही होता, आणि तो हिरमोड मला चार दिवस सोडेना. एका परक्या माणसाच्या सुखरूप पोचण्यानं माझा हिरमोड का व्हावा?

त्याचं मूळ एका इंग्रजी सिनेमात आहे, आणि त्या सिनेमाचं मूळ, माझ्यापुरतं, गिरगावातल्या एका चाळीत. माझा मामा एका आर्किटेक्टच्या फोर्टमधल्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, आणि बोटांना कायम शाईचा वास. मे महिन्यात आम्ही भाचरं त्याच्याकडे जायचो. तेव्हा व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं मिळायचा, सोबत तीन कॅसेट. दोन हिंदी ठरलेल्या. तिसरी मामाची. त्या वर्षी ती ऑफिसातल्या कुणाच्या तरी लंडनच्या भावानं टीव्हीवरून उतरवून आणलेली होती, वर निळ्या शाईत मामाच्याच सुबक ड्राफ्टिंगच्या अक्षरात लिहिलेलं, 'डेड ऑफ नाइट'. "हिरो आर्किटेक्ट आहे," मामा म्हणाला, "आमच्यातला." तेवढ्या एका शिफारशीवर त्यानं आम्हाला रात्री अकरा वाजता तो काळापांढरा पिक्चर बघायला बसवलं. मामीनं दार लावून घेतलं आणि झोपायला गेली. चाळीच्या गॅलरीत कुणीतरी खोकत होतं.

1945चा सिनेमा. इलिंग स्टुडिओचा. पुढे ज्या स्टुडिओचं नाव विनोदी सिनेमांसाठी झालं तोच. युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये भयपटांना जवळजवळ दारच बंद होतं. खऱ्या बॉम्बनी लोक तळघरांत झोपत असताना पडद्यावर आणखी भुतं कशाला, असा त्यामागचा हिशेब असावा. युद्ध संपलं आणि महिन्याभरात, सप्टेंबरात, हा लागला. गंमत म्हणजे त्यात युद्धाचा उल्लेखही नाही. केंटमधलं एक ऐसपैस जुनं घर, पाहुणे, चहा, गप्पा. रेशनवर चहा पिणाऱ्या माणसांना ती टेबलावरची निवांत किटलीच पहिलं भूत वाटली असेल.

वॉल्टर क्रेग नावाचा आर्किटेक्ट गाडीतून त्या घरी येतो. घराला काही वाढीव बांधकाम करायचंय म्हणून मालकानं बोलावलेलं. गाडी फाटकाजवळ थांबवतो, घराकडे बघतो, आणि चेहऱ्यावर एक विचित्र गोंधळ. क्रेग झालेल्या मर्विन जॉन्सचा तो चेहरा मला अजून लख्ख आठवतो: घाबरलेला नाही, कुणाचं तरी नाव जिभेवर येऊन अडल्यासारखा. आत गेल्यावर तो सगळ्यांकडे बघतो आणि सांगतो, मी तुम्हाला ओळखतो, तुम्ही सगळे माझ्या स्वप्नात येता. हे घर, ही माणसं, हा चहा. पुन:पुन्हा. पुढे काय होणार तेही थोडं थोडं आठवतंय. काळ्या केसांची एक बाई येईल, तिच्याजवळ पैसे नसतील. आणि दार उघडून तशी बाई येतेच, टॅक्सीचं भाडं द्यायला नवऱ्याकडे पैसे मागते. तिथं एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर बसलेत, त्यांना हे मुळीच पटत नाही. मग त्यांना उत्तर म्हणून पाहुणे एकेक करून आपला अनुभव सांगायला लागतात.

गणपतीत कोकणात लाइट गेल्यावर ओटीवर जे व्हायचं तेच हे. एकानं देवचाराचं सांगितलं की दुसऱ्याला मुंजा आठवतो. प्रत्येकाच्या पोतडीत एक तरी असतोच, आणि कुणाचाच स्वतःचा नसतो, आतेभावाच्या मेव्हण्याचा असतो. इथे मात्र बहुतेकजण स्वतःचं सांगतात. पाच गोष्टी आणि त्यांना बांधणारी ही सहावी. चार दिग्दर्शकांनी त्या वाटून घेतल्या होत्या, आल्बेर्तो काव्हालकांती, चार्ल्स क्रायटन, बेसिल डिअर्डन आणि रॉबर्ट हेमर. त्यामुळे सिनेमाचा पोतही सलग नाही. कुठे मलमल, कुठे घोंगडी.

पहिली गोष्ट माझ्या रिक्षावाल्याची. मोटारींच्या शर्यतीत अपघात झालेला एक जवान इस्पितळात बरा होतोय. रात्रीची वेळ, उशाशी घड्याळ, पावणेदहा. तो वाचत पडलाय. अचानक सगळे आवाज थांबतात. घड्याळात बघतो तर सव्वाचार. उठून खिडकीचा पडदा सारतो. बाहेर लख्ख ऊन. पाखरं ओरडताहेत. आणि खाली, अगदी खिडकीखाली, घोडे जुंपलेली काळी शववाहिका. तिच्यावर बसलेला गाडीवान मान वर करून बघतो, ओळखीचं हसतो आणि म्हणतो, आत एकापुरतीच जागा आहे, साहेब. बस्स. तो पडदा ओढून घेतो, पुन्हा रात्र. पुढे बरा होऊन तो बाहेर पडतो, बसस्टॉपवर उभा राहतो, बस येते आणि कंडक्टर दारातून वाकून तेच वाक्य त्याच आवाजात म्हणतो. चेहराही तोच. माइल्स मॅलसन नावाच्या नटाचा गोल, सज्जन, बेकरीवाल्यासारखा चेहरा. आपला माणूस बस सोडून देतो. बस थोडी पुढे जाते आणि पुलावरून खाली कोसळते.

मूळ कथा ई. एफ. बेन्सनची, 1906ची. पण सिनेमात जे आहे ते तिच्या कथानकात नाही, ते त्या उन्हात आहे. आपल्याकडची भुतं अमावास्या, पिंपळ, कुत्र्याचं रडणं असा सगळा सरंजाम घेऊन येतात. इथे भीती दुपारचे सव्वाचार वाजता येते, नम्रपणे, गिऱ्हाईक समजून. गिरगावच्या त्या खोलीत मी मामीच्या जुन्या साडीची गोधडी तोंडात धरली होती. किंचाळले नाही. किंचाळावं असं काही घडलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट सॅली नावाच्या मुलीची. नाताळची पार्टी, जुना वाडा, लपंडाव. लपता लपता ती एका छोट्या दारातून भलत्याच खोलीत जाते, तिथं एक लहान मुलगा रडत बसलाय. ती त्याला जवळ घेते, गाणं म्हणते, निजवते. परत येऊन सांगते, तेव्हा कळतं की फ्रान्सिस केंट नावाचा तो मुलगा कधीच मेलाय, त्याच्या बहिणीनं त्याचा जीव घेतला. एवढंच. हा सगळ्यात छोटा, सगळ्यात साधा भाग आणि बरेचजण तो विसरतातही. मीही विसरले होते, जोवर कळलं नव्हतं की हा मुलगा खरा होता. 1860 साली इंग्लंडमधल्या रोड नावाच्या गावात चार वर्षांचाही नसलेला फ्रान्सिस केंट रात्रीतून घरातून नाहीसा झाला आणि त्याचं प्रेत आवारातल्या संडासात सापडलं. पाच वर्षांनी सावत्र बहिणीनं, कॉन्स्टन्सनं, गुन्हा कबूल केला. वीस वर्षं तुरुंग भोगून ती ऑस्ट्रेलियाला गेली, नाव बदललं, नर्स झाली, रोग्यांची सेवा करत राहिली. आणि वारली कधी? एप्रिल 1944मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून. म्हणजे सिनेमात सॅली त्या रडणाऱ्या पोराला थोपटते त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधीपर्यंत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याची बहीण जिवंत होती. सिनेमातलं भूत ऐतिहासिक, पण त्याचा काळ अजून संपलेला नव्हता. हे वाचल्यापासून तो भाग मला छोटा वाटत नाही.

तिसरी आरशाची. ती मला सगळ्यात देखणी वाटते. जोन आपल्या होणाऱ्या नवऱ्याला वाढदिवसाला एक जुना भारी आरसा आणून देते. तो टाय बांधायला उभा राहतो, आणि आरशात मागे त्याची खोली नाही. दुसरीच कुठली तरी, लाकडी तक्तपोशीची, छत्रीपलंगाची, शेकोटी पेटलेली. वळून बघतो तर आपली साधी खोली. पुन्हा आरशात, पुन्हा ती शेकोटी. हेमरनं यात ओरडणारं काही ठेवलेलं नाही. त्या नवऱ्याचं हळूहळू त्या दुसऱ्या खोलीकडे ओढलं जाणं, तिथे उबदार आहे असं त्याला वाटू लागणं, एवढंच दाखवलंय. आरशाच्या पहिल्या मालकानं संशयानं बायकोचा गळा दाबला होता, ते शेवटी दुकानदार सांगतो, आणि मग व्हायचं ते होऊ लागतं, जोन आरसा फोडते. जोन म्हणजे गूगी विदर्स. ही बाई कराचीत जन्मलेली. आणि हे लाडाचं नाव तिला तिथल्या आयानं दिलं असं सांगतात. पंजाबीत घुग्गी म्हणजे पारव्यासारखा तो होला. हे मामाला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की पुढे त्या सिनेमातल्या सगळ्या बायकांना तो घुगीच म्हणायचा. केंटच्या त्या सोफ्यावर आमची एक घुगी बसलीय.

चौथी गोल्फची. तिच्याकडे नंतर येते.

पाचवी सगळ्यांना ठाऊक असते, सिनेमा न पाहिलेल्यांनासुद्धा. मॅक्सवेल फ्रिअर हा शब्दभ्रमकार आणि त्याचा बाहुला ह्यूगो. ह्यूगोला आपल्या धन्याचा कंटाळा आलाय, त्याला दुसऱ्या, जास्त यशस्वी कलावंताकडे जायचंय, आणि फ्रिअर मत्सरानं सैरभैर होतो. आमच्या पिढीनं बोलका बाहुला पाहिला तो रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव. तो थोरामोठ्यांना टोमणे मारायचा, आम्ही खदाखदा हसायचो, आणि कधी मनातही आलं नाही की तो गप्प असतो तेव्हा पेटीत काय करतो. काव्हालकांतीनं तेवढाच प्रश्न विचारलाय. फ्रिअर झालेल्या मायकेल रेडग्रेव्हच्या कपाळावरचा घाम, बाहुल्याच्या फटकळ बोलण्यावर त्याचं अजिजीनं हसणं, स्वतःच्याच हाताला घाबरलेला माणूस. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात तो प्रतिस्पर्धी त्याला भेटायला येतो. फ्रिअर ओठ हलवायचा प्रयत्न करतो, घसा कोरडा, जबडा लाकडासारखा, आणि बाहेर येतो तो ह्यूगोचा आवाज. आम्ही कुणीच रात्री पाणी प्यायला उठलो नाही. मोरी गॅलरीच्या टोकाला होती.

पण मामाला यातल्या कशाचीच विशेष मातब्बरी नव्हती. तो थांबला होता शेवटासाठी. गोष्टी संपतात, क्रेग आणि डॉक्टर खोलीत दोघंच उरतात, डॉक्टरांचा चश्मा फुटलेला, दिवे मंद, आणि क्रेग ज्याला घाबरत होता ते स्वतःच्या हातांनी करतो. डॉक्टरचा गळा आवळतो. आणि मग सगळ्या गोष्टी एकमेकींत सांडतात. तो लपंडाव खेळणाऱ्या पोरांत धावतोय, सॅलीजवळ लपायला बघतोय, आरशाशी येतोय, नाइट क्लबात लोक त्याला बघून हसताहेत, तुरुंगाची कोठडी, आणि दार उघडणारा जेलर तोच गोल चेहऱ्याचा, म्हणतो, आत एकापुरतीच जागा आहे, साहेब. ह्यूगो आपल्या पायांनी चालत येतो. कॅमेरा वाकडा, माणसं वाकडी. आणि क्रेग जागा होतो. घरी, पलंगावर, सकाळ. फोन वाजतो. केंटमधून एक गृहस्थ बोलताहेत, घराचं काम आहे, याल का? बायको म्हणते, जा, तेवढाच बदल, तुझी ती स्वप्नं तरी जातील. तो गाडी काढतो. फाटक. घर. चेहऱ्यावर तोच गोंधळ.

नावं वर सरकू लागली तेव्हा मामा अंधारात म्हणाला, "ह्येका चकवो लागलो गो."

मामाचं गाव मालवणजवळ. तिथे चकवा हे काही साहित्यातलं भूत नाही. रात्री दोन मैलांच्या वाटेवर माणूस निघतो आणि पहाटेपर्यंत चालत राहतो. दर थोड्या वेळानं तोच चढ, तोच वड, तीच बांधाची खिंड. चकवा मारत नाही, खात नाही, छातीवर बसत नाही. फक्त फिरवतो. आजोबांना एकदा लागला होता म्हणे, आणि त्यावर उपाय एकच, चालणं थांबवायचं. आहे तिथे बसायचं, उजाडेस्तोवर. सिनेमात मात्र उलटं, मामाचं म्हणणं, तो इंग्रज त्या घरी चहाला थांबला, म्हणून फसला. खरंतर तो दोनतीनदा उठतो, मला गेलं पाहिजे म्हणतो. पण यजमान भला, पाहुणे लाघवी, डॉक्टरांचा युक्तिवाद अर्धवट राहिलेला. उठून जाणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मला तेव्हा हे हास्यास्पद वाटलं होतं. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, निम्म्या आयुष्याचे चकवे भिडेपोटीच लागतात.

याच सिनेमाची दुसरी गंमत मामानंच सांगितली, पुढे कितीतरी वर्षांनी. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे केंब्रिजचे तिघे शास्त्रज्ञ मित्र एका रात्री हा सिनेमा बघायला गेले. बघून आल्यावर गोल्ड म्हणाला, विश्वच असं असलं तर? सुरुवात नाही, शेवट नाही, कुठूनही आत शिरा, चित्र तेच? त्यातून 1948 साली स्थिर-स्थिती सिद्धांत आला. विश्व प्रसरण पावतंय, पण पोकळी वाढेल तशी नवी द्रव्यनिर्मिती होत राहते, म्हणून एकूण देखावा बदलत नाही. त्याच हॉइलचा विद्यार्थी म्हणजे आपले कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. 1964मध्ये हॉइल-नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गाजला. पुढच्याच वर्षी आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारी ती मंद सूक्ष्मलहरींची ऊब सापडली, बहुतेक जग विश्व महास्फोटातून सुरू झालं म्हणणाऱ्यांच्या बाजूला गेलं, पण हॉइलनी आणि नारळीकरांनी हट्ट सोडला नाही. 1993मध्ये दोघांनी जेफ्री बर्बिजबरोबर सिद्धांताला नवं रूप देऊन तो पुन्हा मांडलाच. मामाला विज्ञानातलं किती कळायचं कुणास ठाऊक, पण नारळीकरांचं मराठीतलं एकूणएक पुस्तक त्याच्या कपाटात होतं आणि एका भुताच्या सिनेमापासून गिरगावच्या त्याच्या कपाटापर्यंत धागा पोचतो याचा त्याला केवढा अभिमान! "आपण बघितलेला पिक्चर त्यांनीही बघितलेला," असं तो म्हणायचा, जणू एकाच शोला होते.

2025च्या मे महिन्यात नारळीकर गेले. मी मामाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "कोण नारळीकर?"

त्याचं हे विसरणं सुरू होऊन तीनेक वर्षं झाली. मामी गेल्यावर तो अंबरनाथला मुलाकडे राहायला गेला. आधी चाव्या, मग वार, मग माणसं. आता तो मला रोज सकाळी फोन करतो, सव्वासातच्या सुमाराला. "बाय, तुला एक पिक्चर सांगायचाय. बघितला नसशील तू." आणि मी रोज म्हणते, "नाही बघितला. सांग." खोटं बोलायला पहिले काही दिवस जड गेलं. मग लक्षात आलं, मी बघितलाय म्हटलं की त्याच्याकडे बोलायला काहीच उरत नाही.

तो सांगतो तो सिनेमा रोज वेगळा असतो. भाग इकडचे तिकडे होतात. परवा आरशातून बाहुला बाहेर आला. त्याआधी एकदा सॅलीला बस चुकली. मला आधी त्याला दुरुस्त करायची फार उबळ यायची. मग या सिनेमाच्या अमेरिकेतल्या नशिबाची आठवण झाली. तिकडे तो लागला तेव्हा लांबी कमी करायला नाताळचा आणि गोल्फचा असे दोन भाग काढून टाकले होते. पण शेवटचं ते दुःस्वप्न तसंच ठेवलं. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना शेवटी अशी माणसं भेटायला येत होती ज्यांना त्यांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं. ही पोरं कोण? हे इथे कसे? मामाच्या डोक्यातली प्रिंट आता तशी झालीय. रीळच्या रीळ कापली गेलीत, पण त्यांतली माणसं अजून येतात. मध्येच विचारतो, "ती शाईच्या बाटलीवाली कोण गो?" मला माहीत नसतं. त्यालाही नसतं. पण कुणीतरी होती.

आता गोल्फ. हा सिनेमातला विनोदी भाग, आणि समीक्षक एकजात त्याला नावं ठेवतात. मीही. कॅसेट असताना मी तो फास्ट फॉरवर्ड करायचे. दोन जिगरी दोस्त, बेसिल रॅडफर्ड आणि नॉन्टन वेन ही त्या काळची लाडकी जोडी, एकाच मुलीवर लट्टू होतात. तेव्हा ठरतं, गोल्फचा सामना खेळू, जिंकेल त्याची मुलगी. एक लबाडी करून जिंकतो. हरलेला शांतपणे तळ्यात चालत जातो आणि बुडतो. मग भूत होऊन मित्राला छळायला येतो. पण परत नाहीसं व्हायला हातांच्या ज्या विशिष्ट खुणा करायच्या असतात त्या विसरतो. मूळ कल्पना एच. जी. वेल्सच्या कथेतली. एवढ्या भुतांच्या मध्ये असला पोरकटपणा कशाला, असं मला वाटायचं. नाटकात नेपथ्य बदलेपर्यंत पडद्यापुढे दोन नोकर येऊन काहीतरी बडबड करून जातात, तसा.

गेल्या महिन्यात अंबरनाथला गेले होते. मामा गॅलरीत उभा होता, सदऱ्याची बटणं लावत. वरचं बटण दुसऱ्या काज्यात गेलं. त्यानं खाली बघितलं, काढलं, पुन्हा सुरुवात केली. मग थांबला. दोन्ही हात हवेत तसेच. ज्या हातांनी जिन्याच्या पायऱ्यांच्या रेघा डोळे मिटून मारल्या असत्या ते हात एकदा वर, एकदा डावीकडे, कुठल्यातरी खुणेच्या शोधात. माझ्याकडे बघून ओशाळं हसला. अगदी त्या भुतासारखा, दोस्ताच्या दिवाणखान्यात उभा राहून पुन:पुन्हा चुकीच्या खुणा करणाऱ्या, जाता येत नाही म्हणून अवघडलेल्या त्या भल्या भुतासारखा. "पुढचं काय होतं गो?" त्यानं विचारलं. मी बटणं लावून दिली. तो भाग मला आता बघवत नाही. ह्यूगो खुशाल चालत येऊ दे.

तर, गुरुवारी रिक्षा सोडली. शुक्रवारी सकाळी सव्वासातला फोन आला तेव्हा मी मामाला ते सांगून टाकलं. खरं म्हणजे सांगायचं नव्हतं. पण तो बसच्या भागापाशी आला होता आणि त्याला कंडक्टरचं वाक्य आठवेना, चाचपडत होता, म्हणून मीच म्हटलं, "एकच जागा आहे आत. मला काल रिक्षावाला म्हणाला तसं."

पलीकडे शांतता. मग एकदम पूर्वीचा आवाज, गिरगावातला. "मग? बसलीस?"

"नाही."

"शाब्बास! आणि? पडली पुलावरून?"

"नाही रे. तो माणूस भाजी घेत होता."

"अरेरे," मामा म्हणाला. मनापासून. आणि आम्ही दोघंही इतके हसलो, इतके हसलो, की आतून सून विचारत होती, काय झालं बाबा. माझ्या हिरमोडाला कुणीतरी वाटेकरी मिळाला. रिक्षा पडली असती तर ती गोष्ट झाली असती, गणपतीत ओटीवर सांगण्याजोगी, आणि मी त्या केंटच्या सोफ्यावर घुगीशेजारी बसले असते. ती सुखरूप पोचली आणि मी नुसती एक रांगेत खोळंबा करणारी बाई ठरले.

आज सकाळी सव्वासातला फोन वाजला. पाऊस होता, खिडकीची काच धुरकट.

"बाय, तुला एक पिक्चर सांगायचाय. बघितला नसशील तू."

"नाही बघितला. सांग."

"एक माणूस असतो. आर्किटेक्ट. आमच्यातला. गाडीतून एका घरी येतो." मग नेहमीप्रमाणे घर, चहा, डॉक्टर. डॉक्टरांचा आज चश्मा नव्हता, छत्री होती. सॅली आलीच नाही. आरसा आला, फुटला. आणि मग तो म्हणाला, "कोपऱ्यात एक बाई बसलेली असते. ती सांगते, मी स्टेशनवर उभी होते, पाऊस पडून गेला होता. रिक्षा आली. रिक्षावाला तिला म्हणतो, एकच जागा हाय आत, या म्याडम."

'म्याडम'सुद्धा बरोबर उच्चारला त्यानं.

मी खुर्चीत बसले. "मग?" मी विचारलं. "ती बसते का?"

बराच वेळ काही आलं नाही. त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी बादली सरकवली.

"थांब हां," मामा म्हणाला, "आठवतो."

मी फोन कानाशी धरून थांबले.